माळव्याचे नवे शिलेदार

माळव्यातील आपल्या जुन्या घराण्यांच्या कथांत घोडा हटकून येतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवारांची निशाणे नर्मदा ओलांडून उत्तरेस आली, धार आणि देवास येथे त्यांच्या गाद्या स्थिरावल्या, आणि त्यांच्यामागून आलेल्या स्वारांचे, कारकुनांचे व भिक्षुकांचे वंशज पिढ्यानुपिढ्या याच काळ्या मातीचे होऊन राहिले. त्या काळी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. सरकारी पागेतला घोडा घेऊन चाकरी करणारा तो बारगीर. घोडा व हत्यारे स्वतःची आणणारा तो शिलेदार. शिलेदाराचा मान मोठा. परंतु घोडा पडला तर ते नुकसानही त्याच्याच पदरी. म्हणूनच शिलेदार घोड्याला जपून, हात राखून लढतो, असा आक्षेप त्या पद्धतीवर घेतला गेला. स्वारी कोणाची, तिची किंमत कोणी भरायची आणि ती गेली तर तोटा कोणाचा, हा तेव्हाचा प्रश्न आज पुन्हा आपल्या घरांच्या ओसरीवर येऊन उभा राहिला आहे. घोड्याच्या जागी मोटारसायकल आली आहे, एवढाच काय तो फरक.

धारच्या एका परिचित कुटुंबात हा प्रश्न अलीकडेच उपस्थित झाला. घरातील नातू एकोणीस वर्षांचा. पक्का परवाना हाती येऊन दोन महिने झालेले, आणि देवासच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून त्याची निवड झालेली. आठवडाभर देवासला खोली करून राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी धारला घरी यायचे, असा बेत होता. वाटेत इंदूर धरून हे अंतर सुमारे १०० किलोमीटर. वडिलांची जुनी १०० सीसीची गाडी घरात होती; पण मुलाचे मन मोठ्या गाडीवर जडलेले. आई काळजीत, वडील हप्त्यांच्या हिशेबात, आणि मुलगा गाड्यांच्या छायाचित्रांत गुंतलेला. शेवटी आजोबांनी तोड काढली. ते म्हणाले, "आधी वाट पाहू, मग स्वारी ठरवू." आजोबांनी तरुणपणी राजदूत चालवलेली असल्याने त्यांच्या शब्दास घरात वजन होते. त्याप्रमाणे आजोबा, नातू आणि मी असे तिघेजण मोटारीने धारहून देवासच्या वाटेस लागलो.

धार सोडण्यापूर्वी लाट मशिदीपाशी थांबलो. ज्या लोखंडी स्तंभावरून या वास्तूस 'लाट' हे नाव मिळाले, त्याचे तीन तुकडे तेथे मांडून ठेवलेले आहेत. एवढे लोखंड त्या काळी कसे घडविले असेल, याचे आश्चर्य आजही ओसरत नाही. भोजराजाच्या नावे असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. यंत्राची ओढ या नगरीस नवी नव्हे. तेव्हा नातवास ती वाटावी यात नवल ते काय?

नवल आहे ते आपल्या परवान्याच्या रीतीचे. १८ वर्षे पूर्ण झाली की गियरच्या मोटारसायकलीचा शिकाऊ परवाना मिळतो. तो सहा महिने चालतो, आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. हा एक परवाना हाती आला की १०० सीसीची गाडी चालवावी की ६५० सीसीची, याविषयी कायदा काहीच विचारीत नाही. ब्रिटनमध्ये तसे नाही. तेथे १७ व्या वर्षी १२५ सीसीपर्यंतची, १९ व्या वर्षी मध्यम शक्तीची, आणि थेट परीक्षा देऊन कोणतीही मोठी गाडी चालवावयाची तर वय २४ लागते. जपानात १६ व्या वर्षी ४०० सीसीपर्यंतचा परवाना मिळतो. त्यापुढच्या गाडीसाठी १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि परीक्षाही वेगळी द्यावी लागते. म्हणजे तट्टावरून घोड्यावर बसण्यापूर्वी त्या देशांत मध्ये पायऱ्या ठेवल्या आहेत. आपल्याकडे त्या पायऱ्या घरच्यांनीच बांधावयाच्या असतात.

अशी एक पायरी धारपासून जवळच आहे. मांडूचा रस्ता सुमारे ३५ किलोमीटरचा. नालछा मागे पडले की काकडा खोहची दरी उघडते आणि रस्ता वळणे घेत गडाच्या दरवाजांकडे जातो. पावसाळ्यात रविवारी येथे इंदूर-धारकडील तरुणांच्या गाड्यांची रीघ लागते. वळणावर वेग आधी कमी करावा की वळताना, उतारावर गाडी गियरमध्ये ठेवून ब्रेकचा भार कसा हलका करावा, ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक कितपत दाबावा, हे सारे या वाटेवर हलक्या गाडीने शिकून घेता येते. नातवाने जुन्या गाडीवर तीन रविवार तेच केले होते. "हलकी गाडी चूक पोटात घालते, जड गाडी तिचा हिशेब मागते," असे आजोबा त्यास सांगत.

धारहून इंदूरकडे जाणारा महामार्ग रुंद आणि गुळगुळीत आहे, आणि धोकाही त्याच गुळगुळीतपणात दडलेला आहे. दोन्ही बाजूंस सोयाबीन व गव्हाची शेते. सुगीच्या दिवसांत मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या संधिप्रकाशात रस्त्यावर येतात. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी चिकण माती डांबरावर येते आणि तिच्यावर दोन चाकांची गाडी साबणावर घसरावी तशी घसरते. नीलगाय, जिला आपल्याकडे रोजडा म्हणतात, ती कुंपण ओलांडून केव्हा समोर उभी राहील याचा नेम नसतो. मुलाने वहीत हिशेब मांडला. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. ताशी १०० ने जाणारी २८ मीटर. डोळ्यांनी रोजडा पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत हा एक सेकंद सहज निघून जातो. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबावयास लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. मोठ्या गाडीचा मुख्य गुण हा की ताशी ९० चा वेग तीत ६० सारखा वाटतो. तिचा मुख्य दोषही हाच.

घाटाबिल्लोदकडून आत वळले की पीथमपूर लागते. धार जिल्ह्यातील ही उद्योगनगरी आपल्या विषयाच्या दृष्टीने तीर्थक्षेत्रच म्हणावयाची. १९८० च्या दशकात येथे कायनेटिक होंडाच्या स्कूटरचा कारखाना उभा राहिला आणि बटण दाबून सुरू होणारी, गियर नसलेली स्कूटर येथून देशभर गेली. २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकींचा व्यवसाय महिंद्राकडे आला. २०१५ मध्ये येथील 'मोजो' ही ३०० सीसीच्या घरातील मोटारसायकल बाजारात आली. मग १५ नोव्हेंबर २०१८ रोजी जुन्या पिढीचे डोळे पाणावतील असे एक नाव परतले: जावा. म्हैसूर येथे १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी या गाड्या बनत. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्या जावाचा नवा अवतार पीथमपुरात घडू लागला, आणि २०२२ च्या जानेवारीत येझदीही त्याच मार्गाने परतली. धारचा मुलगा ज्या मोठ्या गाडीचे स्वप्न पाहतो, ती त्याच्याच जिल्ह्यात जन्मते, ही गंमतच नाही का?

याच परिसरात वाहनांच्या चाचणीसाठी केंद्र सरकारने उभारलेले 'नॅट्रॅक्स' हे केंद्र आहे. तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान लंबवर्तुळाकार मार्गाचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. बाहेरूनच त्या दिशेस पाहत मुलगा म्हणाला, "आजोबा, असा रस्ता आपल्याला मिळाला तर?" आजोबा म्हणाले, "त्या रस्त्यावर समोरून बैलगाडी येत नाही, बाळ. तुझ्या रस्त्यावर येते."

गाडीची निवड कशी करावी, हा विषय येथे ओघानेच निघाला. पूर्वी जाणते लोक घोड्याची परीक्षा शुभ-अशुभ लक्षणांवरून करीत; मोटारसायकलीची लक्षणे अधिक साधी आहेत. पहिले म्हणजे बैठकीवर बसल्यावर दोन्ही पावले जमिनीस नीट टेकली पाहिजेत. दुसरे, इंजिन बंद ठेवून गाडी स्वतःच्या बळावर उतारावरून मागे ओढता आली पाहिजे. १०० सीसीच्या गाडीचे वजन ११० किलोच्या आसपास आणि शक्ती सुमारे आठ अश्वांची. २०१८ च्या जावाचे वजन सुमारे १७० किलो आणि शक्ती २७ अश्वांची. म्हणजे वजन दीडपट आणि शक्ती तिपटीहून अधिक. ज्यास ते वजन उभ्याने तोलत नाही, त्यास ते वळणावर कसे तोलावे? तिसरे लक्षण ब्रेकचे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या गाडीस, एकाएकी ब्रेक दाबला असता चाक जखडू न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची आहे. पण काही गाड्यांत ती केवळ पुढच्या चाकास असते, काहींत दोन्ही चाकांस. नवशिक्याने दोन्ही चाकांची घ्यावी. तिच्या आधीची जुनी गाडी स्वस्त मिळते म्हणून घेताना हा फरक विसरू नये. चौथे, दुरुस्तीची सोय धार आणि देवास या दोन्ही गावी असावी. पाचवे लक्षण पेट्रोलचे. जुनी गाडी लिटरमागे साठाच्या आसपास जाते, साडेतीनशेची तीस-पस्तीस. आठवड्याच्या २०० किलोमीटरांस हा खर्च दुपटीच्या जवळ जातो.

मुलाच्या मनात ६५० सीसीची एक गाडीही होती. तिचे गणित वेगळेच निघाले. आपल्याकडे ३५० सीसी हा एक उंबरठा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरील गाड्यांवर तो ४० टक्के झाला. विम्याचाही उंबरठा तोच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार दुसऱ्याच्या नुकसानीपुरत्या सक्तीच्या विम्याचा वार्षिक हप्ता ७५ ते १५० सीसीच्या गाडीस ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीच्या गाडीस १,३६६ रुपये, आणि त्यावर २,८०४ रुपये ठरला. नव्या गाडीस हा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचे दर मधल्या गटास ७,३६५ आणि वरच्या गटास १५,११७ रुपये, कर वेगळा. हे आकडे ऐकून वडिलांच्या मनातला निर्णय झाला असता. मुलाच्या मनातला झाला तो वाटेवरील काळी माती आठवून.

पीथमपूर सोडून राऊपाशी आग्रा-मुंबई रस्त्यास लागलो आणि इंदूरच्या बाहेरून जाणाऱ्या वळणरस्त्याने क्षिप्रेच्या दिशेस निघालो. येथे दोन्ही बाजूंनी अवजड मालमोटारी धावत असतात. याच रस्त्यावर दक्षिणेकडे, महू आणि धामनोदच्या मध्ये, गणपती घाटाचा तीव्र उतार ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींच्या अपघातांनी वर्षानुवर्षे कुप्रसिद्ध होता. आजोबांनी त्याचे नाव काढले, आणि मग खरा प्रश्न विचारला गेला.

मुलगा म्हणाला, "काका, गाडी बाबांच्या नावावर घ्यावी असे आई म्हणते. कर्ज त्यांना लवकर मिळेल. विम्याला त्याने काय फरक पडतो?"

फरक मोठा पडतो. गाडीच्या विम्याबरोबर मालकासाठी १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तसा विमा आधीच स्वतंत्रपणे घेतलेला नसेल तर तो सक्तीचा आहे. हा लाभ गाडी ज्याच्या नावे नोंदलेली आहे आणि ज्याच्यापाशी वैध परवाना आहे, अशा मालक-चालकासच मिळतो. गाडी वडिलांच्या नावे आणि स्वारी मुलाची, तर हे कवच घरी बसलेल्या वडिलांना. वाटेवरील मुलास नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असे एक प्रकरण आले होते. दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन जाणारा स्वार अपघातात मरण पावला. गाडी मागून घेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, सबब त्या वेळच्या कलम १६३-अ खाली त्याच्या वारसांना त्याच गाडीच्या विमा कंपनीकडून भरपाई मागता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपल्याकडे कित्येक घरांत गाडी वडिलांच्या, काकांच्या, क्वचित आजोबांच्या नावावर असते आणि हा बारकावा कोणी पाहिलेला नसतो. मुलगा आपला बारगीर झालेला असतो. घोडा पागेचा, पण जीव मात्र त्याचा स्वतःचा. तेव्हा गाडी मुलाच्या नावावर घ्यावी, कर्जास हवे तर वडिलांनी जामीन राहावे. आणि नाव वडिलांचेच ठेवावयाचे असेल, तर मुलासाठी निराळा वैयक्तिक अपघात विमा अवश्य उतरवावा.

क्षिप्रा ओलांडली आणि थोड्या वेळाने देवासची टेकडी दिसू लागली. तुळजाभवानी आणि चामुंडा या दोघी देवींचे हे स्थान सर्वांच्या परिचयाचे आहे. या गावाचा इतिहासही जोडीचा. १७२८ च्या सुमारास तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी येथे अंमल बसविला आणि पुढे एकाच गावात दोन संस्थाने नांदू लागली: थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, वाडे दोन, कारभार दोन. १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांचे चिटणीस म्हणून येथे राहिले होते. १९५३ च्या 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात त्यांनी या अजब व्यवस्थेचे वर्णन केले आहे. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या.

मोटारसायकलीच्या विम्याच्याही अशाच दोन पात्या आहेत. थोरली पाती म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या जिवाचे वा मालमत्तेचे नुकसान झाले तर त्याची भरपाई. ती कायद्याने सक्तीची. तिच्यावाचून गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्हीही. धाकटी पाती म्हणजे आपली स्वतःची गाडी मोडली, जळाली वा चोरीस गेली तर तिची भरपाई. ही ऐच्छिक. गोंधळ होतो तो येथेच. नव्या गाडीस थोरली पाती पाच वर्षांची मिळते, धाकटी मात्र बहुधा एकाच वर्षाची. 'पाच वर्षांचा विमा आहे' या समजुतीत घरचे निर्धास्त राहतात आणि दुसऱ्या वर्षी धाकटी पाती गुपचूप विलीन होऊन गेलेली असते.

धाकट्या पातीचे आणखी काही कंगोरे आहेत. गाडी चोरीस गेली तर खरेदीची रक्कम मिळत नाही; पॉलिसीवर लिहिलेले घोषित मूल्य मिळते. दोन लाखांच्या गाडीचे मूल्य, दोन वर्षे पूर्ण झाल्यावर ३० टक्के घट धरून, एक लाख ४० हजार होते. कर्ज त्याहून अधिक शिल्लक असेल तर फरक आपल्या खिशातून. मोडतोडीच्या भरपाईत रबरी व प्लास्टिकच्या भागांची निम्मीच किंमत धरली जाते. ती पूर्ण हवी असेल तर 'झीज न धरणारे' जोडकलम अधिक हप्ता देऊन घ्यावे लागते. नवशिक्याची गाडी पडते ती प्रायः याच भागांवर. त्याने पहिल्या वर्षी ते घेणे शहाणपणाचे. परवान्याची मुदत संपलेली असेल, चालक नशेत असेल वा शर्यत लावलेली असेल, तर भरपाई नाकारली जाते. वर्षभर मागणी केली नाही तर पुढल्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते आणि ती वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. पण ही सूट मालकाची असते, गाडीची नव्हे. जुनी गाडी विकत घेतली तर १४ दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. मागे मित्र बसणार असेल तर त्याच्यासाठीही वेगळी तरतूद पाहावी. केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत मागे फुकट बसणाऱ्याची जोखीम येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले आहे.

हे सर्व ऐकून मुलाने एक मार्मिक शंका काढली. "मी एकोणीस वर्षांचा आणि आजोबा पंचाहत्तरीचे. गाडी तीच असेल तर हप्ता तोच?" होय, थोरल्या पातीचा हप्ता तोच. तो इंजिनाच्या आकारावरून ठरतो, चालकाच्या वयावरून नव्हे. ब्रिटनमधील विमा कंपनी वय विचारते, किती वर्षे चालवता हे विचारते, रात्री गाडी कोठे उभी करता हेही विचारते. आणि तरुणाने मोठी गाडी मागितली तर हप्ता असा सांगते की तो आपण होऊन लहान गाडी पाहू लागतो. हप्त्याची रक्कम हीच तेथे सूचना असते. आपल्याकडे परवाना गाडीचा आकार विचारीत नाही आणि विमा स्वाराचे वय विचारीत नाही. दोन्ही दरवाजे उघडे असल्यामुळे मुलास वाटते की वाट निर्धोक आहे. जो प्रश्न कार्यालयात विचारला जात नाही तो घरी विचारावा लागतो, आणि तो रागाने नव्हे तर वहीत आकडे मांडून विचारला तर मुले ऐकतात, असा या प्रवासातील अनुभव.

देवासच्या टेकडीवरून दोन्ही देवींचे दर्शन घेऊन खाली आल्यावर आजोबा आणि नातू यांचा करार ठरला. एक पावसाळा जुन्या गाडीवर काढायचा, तोही देवास गावापुरता. शनिवारी पाऊस असेल तर घरी बसने यायचे. अंधार पडल्यावर महामार्गावर गाडी घालायची नाही. उशीर झाला तर रविवारी सकाळी निघायचे. आय.एस.आय.ची खूण असलेले हेल्मेट आधी, गाडी नंतर. मग ३५० सीसीच्या आतली, दोन्ही चाकांस एबीएस असलेली, पाय टेकतील अशी गाडी, मुलाच्या नावावर, दोन्ही पात्यांसह. मुलाने थोडी घासाघीस केली, पण कराराची कलमे स्वतःच्या अक्षरात लिहून घेतली.

गाडी दसऱ्यास घ्यावी असे ठरले आहे. एके काळी त्या दिवशी आपल्या वाड्यांतून घोड्यांची पूजा होई. आता वाहनांची होते. पूजेच्या पाटावर किल्लीशेजारी पॉलिसीचा कागदही ठेवायचा, असे आजोबांनी बजावून ठेवले आहे. त्यावरील नाव आणि धाकट्या पातीच्या मुदतीची तारीख त्या दिवशी आईने मोठ्याने वाचावी, आणि मगच गाडीस हार घालावा.